काळं एक्केचाळीस, पांढरं अठ्ठावन्न

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी काळं कार्ड हरलं आणि साडेअकराला त्याच्या पोटात प्लास्टिक सापडलं.

सापडलं मधलीला. हरलेल्या दादाच्या पाठीवर हात ठेवायचा सोडून तिने कार्डाला हात लावला. चटका बसला. करपल्यासारखा वास आला. तिने स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि मागचे सातही स्क्रू काढले. प्रत्येकाच्या डोक्यावर निळ्या शाईचा बारीक ठिपका होता. आत, चिप आणि तिच्यावरचा धातूचा ठोकळा यांच्या मधे, दोन बोटं रुंदीचा पारदर्शक तुकडा बसवलेला होता.

चिप तापते, ठोकळा तो ताप ओढून घेतो, पंखे तो बाहेर फेकतात. ग्राफिक्स कार्डाचा संसार एवढाच. मधे प्लास्टिक घातलं की ताप चिपेतच राहतो आणि कार्ड जीव वाचवायला काम कमी करतं. माणसंही तेच करतात, फक्त आधी रजेचा अर्ज देतात.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"प्लास्टिक."

"कंपनीने घातलंय?"

"कंपनी कात्रीने कापत नाही, बाबा. कडा बघा."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. आता त्यांना काहीच दिसत नव्हतं, पण ते रागावले की असंच करत.

"म्हणजे कोणीतरी लबाडी केली," ते म्हणाले. "माझ्या दुकानात. माझ्या चाचणीत."

दुकान कॉम्प्युटर जोडून विकण्याचं होतं. एकतीस वर्षं बाबांनी ते चालवलं आणि आता त्यांचे गुडघे त्यांना चालवेनासे झाले होते. दोन मुलगे. दुकान एक. त्यात दोन कंपन्यांनी एकाच महिन्यात एजन्सी देऊ केली आणि नमुन्याला एकेक कार्ड पाठवलं. एक काळं, एक पांढरं. बाबांना वाटलं, देवानेच सोय केली. चिठ्ठ्या टाकल्या. थोरल्याला, म्हणजे दादाला, काळं आलं. धाकट्याला, म्हणजे बारक्याला, पांढरं. ज्याचं कार्ड जिंकेल त्याची एजन्सी, त्याचं दुकान. जो हरेल त्याने बिनतक्रार आपला मार्ग शोधायचा.

तुलना हा बाबांचा स्वभावच. दुकानात एक पांढरा फळा होता, मधोमध उभी रेघ, डावीकडे दादा, उजवीकडे बारक्या. दादा अकराव्या महिन्यात चालला, बारक्या तेराव्या. ते आकडे अजून पुसट दिसत. पुढे त्याच फळ्यावर कार्डं आली. मधलीचा रकाना नव्हता. तिचं अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम मात्र तिचं.

आताही तिनेच लिहिलं होतं. काळं: कोर पाच हजार एकशेवीस, मेमरी सोळा जीबी, वीज तीनशे वॅट, पंखे तीन. पांढरं: कोर चार हजार सहाशे, मेमरी बारा, वीज दोनशे वीस, पंखे दोन, पण चिप नव्या घडणीची. कागदावर सामना तोडीस तोड. खाली एकच ओळ, सगळ्यात महत्त्वाची: 'जंगल'. 'जंगल' ही चाचणी. पडद्यावर वाऱ्यात हलणारं जंगल, दर पानाला आपापली सावली. कार्ड सेकंदाला जितकी चित्रं काढेल तितके त्याचे गुण.

काळं, एक्केचाळीस. पांढरं, अठ्ठावन्न.

"कोणी केलं हे?" बाबांनी सगळ्यांकडे पाहिलं, म्हणजे चष्म्याविना अंदाजाने पाहिलं.

सगळ्यांनी बारक्याकडे पाहिलं. फायदा त्याचा झाला होता.

"मी केलं," बारक्या म्हणाला.

इतक्या पटकन, की बाबांनी पुढचा प्रश्न तयारच ठेवला नव्हता.

"तो असं करूच शकत नाही," दादा म्हणाला. "बाबा, बारक्या लबाड नाही. जिंकलाय तो. सरळ मार्गाने जिंकलाय."

"अरे दादा, मी केलं म्हणतोय ना!"

"गप्प बस. उगाच मोठेपणा करू नकोस."

आरोपी गुन्हा कबूल करत होता आणि फिर्यादी त्याला सोडवत होता. कोपऱ्यात झाकणकाका बिस्किट चहात धरून उभे राहिले, ते गळून पडेपर्यंत. झाकणकाका म्हणजे दुकानातले जुने कारागीर. उघडलेल्या यंत्राचं झाकण ते परत लावत नसत. यंत्राला कोंडल्यासारखं होतं म्हणत.

"मधले," बाबा म्हणाले, "परवा, शुक्रवारी बाराला वकील कागद घेऊन येणार आहेत. तोवर मला सांग हे कोणी केलं. ज्याने केलं तो बाद. दुकान दुसऱ्याचं. तुझ्यावर माझा विश्वास आहे, कारण तुझा ह्यात काही संबंध नाही."

मधली हो म्हणाली.

तिचा संबंध होता. तिला दुकान हवं होतं. अकरा वर्षं ती मागच्या टेबलावर बसून मेलेली यंत्रं उठवत होती. गिऱ्हाइकं आत येताना "ताई आहेत का?" असं विचारत. पण चाचणी दोघांत होती, आणि स्पर्धेत नसलेल्या माणसाने जिंकायचं कसं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. आता मात्र एक फट दिसत होती. एक भाऊ लबाड निघाला तर तो बाद. दुसऱ्याचंही काही निघालं तर? मग उरलं कोण?

तिने वही काढली.

बारक्या मागच्या खोलीत रिकाम्या खोक्यांवर बसला होता. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. त्याचा चेहरा शेवटची बस चुकलेल्या माणसाचा होता.

"कार्ड उघडलंस कधी?"

"मंगळवारी. संध्याकाळी."

"कसं? काळं कार्ड दादाच्या कपाटात होतं. किल्ली दादाच्या गळ्यात."

"दादा आंघोळीला गेला तेव्हा काढली."

"मागे स्क्रू किती होते?"

"चार."

"चार?"

"पाच. एक लहान होता."

"सात होते, बारक्या."

"ताई, मी घाईत होतो. मोजत बसू का?"

"प्लास्टिक कुठे लावलंस?"

"पंख्याला."

मधलीने वही मिटली. "तू ते केलेलं नाहीस. मग का कबूल करतोस?"

बारक्याने खोक्याचा पुठ्ठा नखाने सोलला. त्याच्या उजव्या अंगठ्याच्या नखावर काहीतरी चकचकत होतं. "मला शिक्षा होऊ दे," तो म्हणाला. "मला शिक्षा आवडते."

दादा काउंटरवर होता. हरल्यापासून तो गिऱ्हाइकांशी इतकं गोड बोलत होता की दोन गिऱ्हाइकं घाबरून काही न घेता गेली होती.

"दादा, चाचणीआधी कार्ड कोणाजवळ होतं?"

"माझ्याजवळ. आठ दिवस कपाटात. बारक्याचं त्याच्या कपाटात. बाबांची अटच होती ना, ज्याचं त्याने सांभाळायचं."

"किल्ली?"

"गळ्यात." त्याने सदऱ्यातून दोरा ओढून दाखवला.

"आणि चाचणीचं यंत्र?"

"त्याला बाबांनी चिकटपट्टी लावून सही केली होती. सही अख्खी होती. तूच पाहिलीस."

"मग प्लास्टिक आत गेलं कसं?"

"काय सांगावं." दादा शांतपणे म्हणाला. "उंदीर."

"कात्री घेऊन?"

"मधले, झालं ते झालं. बारक्याला दुकान मिळू दे. मी काही मनाला लावून घेतलेलं नाही."

हे खरं होतं. त्याच्या मनाला काही लागल्याचं कुठेच दिसत नव्हतं. मधलीने वहीत लिहिलं: 'दादा आनंदी.' वाचून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच हे दोन शब्द शेजारी आले होते.

गुरुवारी सकाळी ती घरी वहिनीच्या खोलीत गेली. वहिनी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती आणि वैतागलेली होती.

"वहिनी, दादा आंघोळीला जाताना किल्ली काढून ठेवतो?"

"ते? ते लग्नाच्या दिवशी घड्याळसुद्धा काढायला तयार नव्हते. दोऱ्यासकट आंघोळ करतात. बनियनवर गंजाचा डाग बघ." तिने दाखवला. डाग किल्लीच्या आकाराचा होता, दात मोजता येतील इतका.

"मग किल्ली कोणी घेतली नाही."

"कोण घेणार? आणि त्यांना कशाचं भान आहे? दोन महिने झाले, बाथरूममधून ओरडत असतात. 'पुढे घ्या, पुढे घ्या, थांबा! मागे!' मला वाटलं, झोपेत चालतात तसं आंघोळीत काही होत असेल. आत एकटेच असतात गं. मी विचारलं तर म्हणाले, सराव."

"कसला?"

"तेवढं विचारायचं धाडस झालं नाही."

मधली पलंगाच्या कडेला टेकली. लाकडी पलंग, गेल्या वर्षी दादाने स्वतः जोडलेला. पायथ्याशी आठ स्क्रू होते आणि आठही स्क्रूंच्या डोक्यावर निळा ठिपका होता.

"हे काय?"

"सवय. आवळून झालं की ठिपका. म्हणजे परत आवळायला नको. माझ्या शिलाई मशिनलापण आहेत." वहिनीने घडी आपटली. "तू तपास करतेच आहेस तर आणखी एक शोध. माझी नेलपॉलिशची बाटली गेली. बिनरंगाची. रविवारपासून नाही. ह्या घरात तसं वापरणारी मी एकटी."

मधलीने तेही लिहून घेतलं. खुनाच्या तपासात हरवलेलं मांजर लिहून घेतात तसं.

दुपारी झाकणकाका. त्यांच्यापुढे चार यंत्रं उघडी पडली होती.

"काका, चाचणी सुरू असताना तुम्ही तापमान लिहीत होतात. आकडे सांगा."

काकांनी वही धुंडाळली. "काळं सत्त्याण्णव अंश. बिचारं. पंखे असे ओरडत होते की मला वाटलं उडून जाईल."

"आणि पांढरं?"

"सेहेचाळीस." काकांचा आवाज हळवा झाला. "काय कार्ड आहे बये! चाचणीभर पंखे फिरलेच नाहीत. एकदम गार. झोपलेल्या मांजरासारखं. बावीस वर्षांत असं जिंकताना कोणाला बघितलं नाही मी."

"तुम्ही कोणाला सांगितलंत?"

"सांगायचं काय? जिंकलं ना ते?"

"काका, तुमचा कोणावर संशय?"

"माझ्यावर," काका म्हणाले. "पण मी तेव्हा जेवत होतो."

चार वाजता दुकानात गर्दी नव्हती. मधली फळ्यासमोर उभी राहिली. तिने हे आकडे लिहिले त्याला सव्वा दिवस झाला होता आणि या वेळात दुकानातल्या प्रत्येकाने ते वाचले होते. डावीकडून उजवीकडे. काळ्यापेक्षा पांढरं सतरा जास्त. प्रत्येकजण तेवढंच म्हणे आणि पुढे जाई.

तिला घराची सगळी हयात अशीच गेल्यासारखी वाटली. डावीकडून उजवीकडे.

कार्डांचे डबे वरच्या फळीवर भिंतीकडे पाठ करून ठेवले होते. हा दुकानाचा नियम. डब्याच्या मागे कंपनी स्वतःचे गुण छापते. बाबांच्या मते ते सगळं थापा. "डब्यावरचं वाचायचं नाही. समोर दोन ठेवा, लावा, बघा." म्हणून या दुकानात एकतीस वर्षं कोणी डबा फिरवून पाहिला नव्हता. मधलीनेही नाही.

तिने स्टूल ओढलं. वर चढली. डबे फिरवले. दोन्हींच्या मागे बारीक अक्षरात 'जंगल' होतं आणि पुढे एक आकडा.

ती बराच वेळ स्टुलावरच उभी राहिली. गिऱ्हाईक येऊन "ताई, काय शोधताय?" असं विचारून गेलं.

मग तिने उतरून दार लावून घेतलं. पांढरं कार्ड बाहेर काढलं. खालच्या कडेला भिंग लावलं. कापसाचा बोळा, बाटली, चिमटा. खोलीभर एक वास पसरला. तो ओळखायला तिला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मग काळ्याचं प्लास्टिक कायमचं काढलं, चिपेवरचं ताप पुढे नेणारं मलम पुसून नवं लावलं. दोन्ही कार्डांची चाचणी पुन्हा घेतली. एकटीने. दोन आकडे चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवले.

आणि मग तिने एक गोष्ट केली, जी तिने कधीच केली नव्हती. ती दुकानाच्या मधोमध उभी राहून विचार करू लागली की दुरुस्तीचं टेबल खिडकीपाशी आणलं तर कसं दिसेल. छान दिसलं. उजेड थेट हातावर आला असता. तिने टेपने मापसुद्धा घेतलं. बसत होतं.

शुक्रवारी पावणेबाराला सगळे दुकानात जमले. बाबा खुर्चीत. दादा आणि बारक्या काउंटरच्या दोन टोकांना. वहिनी दाराशी. झाकणकाका आपल्या उघड्या यंत्रांमधे. वकील कागद घेऊन आले होते. कागदावर नावाची जागा कोरी होती.

"बोल, मधले," बाबा म्हणाले.

"आधी काळं कार्ड. प्लास्टिक आत घालायचं तर सात स्क्रू काढावे लागतात. कार्ड कुलपात होतं. किल्ली दादाच्या गळ्यात, आणि ती आंघोळीतही निघत नाही. वहिनीकडे बनियनचा पुरावा आहे. यंत्राची चिकटपट्टी फाटलेली नव्हती. म्हणजे किल्ली ज्याच्याकडे होती त्यानेच कार्ड उघडलं."

"मी?" दादा म्हणाला. "स्वतःचं कार्ड? हरायला?"

"सातही स्क्रूंवर निळे ठिपके होते. तुझ्या पलंगावर आठ आहेत. तू लबाडी करतानाही काम नीट करतोस, दादा. स्क्रू आवळलास आणि सवयीने ठिपका दिलास."

दादाने आपल्या हाताकडे पाहिलं. जणू तोच फितूर झाला होता.

"का?" बाबांनी विचारलं.

"'पुढे घ्या, थांबा, मागे,'" मधली म्हणाली. "हे कोण ओरडतं? ट्रक वजनकाट्यावर घेताना काटेवाला ओरडतो."

बोलताना दादाचा चेहरा उजळला. "गावाबाहेरचा काटा आहे, बाबा. नोकरी पक्की झालीय. एका वेळी एकच ट्रक येतो. वजन येतं, मी लिहितो, ट्रक जातो. शेजारी दुसरा ट्रक नसतो. कोणी विचारत नाही, ह्याच्यापेक्षा तो किती."

"हे मला सांगता आलं नाही?"

"तुम्ही झाकणकाकांशी चौदा महिने बोलला नाहीत. त्यांनी फक्त कीबोर्ड बदलून मागितला होता. हरून गेलो असतो तर तुम्हाला माझ्याशी बोलावंच लागलं असतं. हरेल त्याने आपला मार्ग शोधायचा, हा नियमच तुमचा होता."

"ठीक," बाबांचा आवाज आता करवतीसारखा येत होता. "थोरला बाद. दुकान धाकट्याचं. वकीलसाहेब—"

"थांबा," मधली म्हणाली. "धाकट्याचं कार्डही मुद्दाम हरवलेलंच होतं."

"ते जिंकलं!"

"काळ्यापेक्षा. पण पांढरं चाचणीभर सेहेचाळीस अंशावर होतं आणि त्याचे पंखे फिरले नाहीत. सगळ्यांना वाटलं, काय गुणी कार्ड! मेहनत करणारं कार्ड गार राहत नाही, बाबा. ते गार होतं कारण त्याला काम पोचतच नव्हतं." तिने कार्ड उचललं. "खालच्या कडेला हे सोनेरी दात. यांतून चित्रांचा माल आत जातो. सोळा वाटा असतात. त्यातल्या पंधरा बंद होत्या. दातांवर पारदर्शक थर होता. नेलपॉलिशचा."

"माझी बाटली!" वहिनी ओरडली.

सगळ्यांनी बारक्याकडे पाहिलं. बारक्याने अंगठा मुठीत लपवला.

"डब्याच्या मागे पाहिलं मी," मधली म्हणाली. "हो, नियम मोडला. काळ्याचे गुण एकशेवीस छापलेत. पांढऱ्याचे एकशेबारा. आपल्याकडे आले एक्केचाळीस आणि अठ्ठावन्न. दोन्ही निम्म्याच्या आसपास किंवा खाली, आणि आपल्यातल्या एकालाही संशय आला नाही. आपण त्यांना एकमेकांशीच ताडून बघितलं. काल दोन्ही साफ करून परत लावली. काळं एकशे अठरा. पांढरं एकशे अकरा. डब्यावरचं खरं होतं."

बाबांनी चष्मा डोळ्यांवर आणला. हे त्यांना जास्त लागलं असावं.

"बारक्या?" ते म्हणाले.

"मला बोटीवर नोकरी मिळालीय," बारक्या म्हणाला. "कपडे धुण्याच्या विभागात. सोमवारी बोट सुटते. मला वाटलं, दादाचं कार्ड तगडं आहे, तो जिंकेलच. तरी भरवसा नको म्हणून पॉलिश लावलं. माझं नशीबच वाईट, बाबा, मी सगळीकडे जिंकतो. आणि ह्याने हरण्यातसुद्धा मला मागे टाकलं."

"म्हणून खोटं कबूल केलंस."

"बाद व्हायला आणखी काय करू?"

दादा बारक्याकडे बघत होता. "मला सांगितलं असतंस, तर मी एवढं प्लास्टिक घातलं नसतं."

"तू तरी सांगितलंस?"

एवढ्या वर्षांत दोन्ही भाऊ पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसले. ते दोघे एकसारखे हसत. हे फळ्यावर कधी आलं नव्हतं.

बाबा हसले नाहीत. ते बसल्या बसल्या लहान होत गेले. भिंतीवरचं घड्याळ बारावर आलं. वकिलांनी पेनाचं टोपण काढलं.

"मग नाव कोणाचं घालू?" त्यांनी विचारलं.

मधलीने श्वास घेतला. "माझं," ती म्हणाली. "मला दुकान हवंय, बाबा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, दुष्टाव्याने तर नाहीच. खरोखर न कळल्यासारखं.

"तुला कशाला द्यायचं?" ते म्हणाले. "तू तर आहेसच की इथे."

"मी चालवीन."

"चालवतेसच ना. मग त्यात देण्यासारखं काय आहे?" त्यांनी गुडघ्यावर हात ठेवले. "दोघांना नको. कोणालाच नको असेल तर ठेवून काय करू? विकून टाकतो. वकीलसाहेब, तसा कागद करा."

"कोणालाच?" मधली म्हणाली.

"हो ना," बाबा हळहळून म्हणाले. "ऐकलंस ना तूच. दोघेही नाही म्हणाले."

दादाने तोंड उघडलं. मग त्याला काटा आठवला असावा. त्याने ते मिटलं. बारक्या म्हणाला, "ताई, मी बोटीवरून पत्र पाठवीन." वहिनीने मधलीचा दंड धरला. झाकणकाकांनी एका यंत्राचं झाकण उचललं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा लावलं.

सोमवारी बोट सुटली. मंगळवारी दादाने पहिला ट्रक तोलला. बुधवारी बाबांनी मधलीला समोर बसवून विक्रीचा कागद सांगितला. गिऱ्हाइकाला दुकानात काय काय मिळेल ते सगळं यावं, स्वच्छ अक्षरात.

तिने लिहिलं. लांबी बावीस फूट, रुंदी चौदा. काउंटर एक, लाकडी. फळ्या नऊ. खिडकी एक, उजेड चांगला. जुना कारागीर एक, दुपारपर्यंत.

"पुढे?" तिने विचारलं.

"पुढे तू," बाबा म्हणाले. "तुझ्याशिवाय दुकानाला काही किंमत नाही, मधले. हे मला कळतं." ते पहिल्यांदाच असं काही बोलले होते, आणि अगदी मनापासून.

तिने लिहिलं: मुलगी एक. अकरा वर्षं वापरलेली. चालू स्थितीत.

विकत घ्यायला आला तो गाद्यावाला. त्याला इथे गाद्यांचं दुकान टाकायचं होतं. त्याने कागद नीट वाचला, खिडकी उघडून बघितली, काउंटर हलवून बघितलं, मग मधलीकडे बघितलं.

"हिला गाद्यांतलं कळतं?"

"शिकेल," बाबा म्हणाले.

"महिनाभर बघतो. नाही जमलं तर परत घ्याल ना?"

बाबांनी थोडा विचार केला. एकतीस वर्षं त्यांनी सचोटीने धंदा केला होता.

"नाही," ते म्हणाले. "विकलेला माल आम्ही परत घेत नाही."

गाद्यावाल्याला ते पटलं. त्याने सही केली आणि पेन मधलीपुढे केलं. साक्षीदाराची जागा अजून रिकामी होती.